गाणं हॉकीचं, मिरवणूक क्रिकेटची: ‘चक दे! इंडिया’नंतरची अडीच वर्षं

२६ सप्टेंबर २००७. मुंबईत पाऊस होता, तरी विमानतळापासून वानखेडेपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसांची रीघ लागली होती. पहिला टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकून आलेला संघ उघड्या बसमधून निघाला होता. पिंपरीतल्या आमच्या शाळेच्या शिक्षकखोलीत आम्ही सगळे टीव्हीला चिकटून बसलो होतो. मीही आनंदात होतो, क्रिकेटवर माझा कधीच राग नव्हता. पण त्या सगळ्या जल्लोषात पुन्हा पुन्हा जे गाणं वाजत होतं ते ‘चक दे इंडिया’ होतं. हॉकीवरच्या चित्रपटातलं, हॉकीच्या मुलींसाठी लिहिलेलं. चित्रपट १० ऑगस्टला लागला होता. दीड महिन्यात गाणं हॉकीच्या हातून निघून क्रिकेटच्या बसवर चढलं होतं.

त्याच आठवड्यात बंगळुरूत भारतीय हॉकी संघाचे काही खेळाडू आणि प्रशिक्षक मुख्यमंत्र्यांच्या घरासमोर उपोषणाला बसण्याची भाषा करत होते.

या दोन बातम्या एकाच पानावर शेजारीशेजारी छापल्या असत्या तर पुढचं काही लिहायची गरज पडली नसती. तशा त्या छापल्या गेल्या नाहीत, म्हणून हे प्रकरण लिहितो आहे. एक हिंदी चित्रपट एका मागे पडलेल्या खेळाबद्दल लोकांचं मन हलवतो. ते मन खरोखर हललं का, आणि हललं असेल तर त्यातून खेळाडूच्या हातात काय पडलं, हे तपासायची अशी संधी क्वचित मिळते. चित्रपट लागल्यापासून अडीच वर्षांत हॉकीत जे घडलं ते सगळं डोळ्यांसमोर आहे, आणि त्यातला शेवटचा प्रसंग तर आमच्या पुण्यात, बालेवाडीत घडला.

चित्रपट कुठून आला

३ ऑगस्ट २००२ रोजी मँचेस्टरच्या राष्ट्रकुल स्पर्धेत भारताच्या महिला हॉकी संघानं यजमान इंग्लंडला ३-२ असं हरवून सुवर्ण जिंकलं. मणिपूरची सूरज लता देवी कर्णधार होती, आणि जादा वेळेतला निर्णायक गोल हरियाणाच्या ममता खरबनं केला. वर्तमानपत्रांत या विजयाला जागा मिळाली ती बेताचीच. पटकथाकार जयदीप साहनी यांच्या नजरेस अशीच एक छोटी बातमी पडली आणि तिथून चित्रपटाचं बी रुजलं. देशाला सुवर्ण मिळतं आणि त्याची बातमी शोधून वाचावी लागते, ही गोष्टच त्यांना कथेसारखी वाटली असणार.

दुसरा धागा मीर रंजन नेगी यांचा. १ डिसेंबर १९८२ रोजी दिल्लीच्या आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पाकिस्ताननं भारताला ७-१ असं हरवलं. गोलरक्षक नेगी होते. सामना विकल्याचा आरोप त्यांच्या माथी बसला, तोही पुराव्याशिवाय. पुढे १९९८ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या पुरुष संघाच्या आणि २००२ च्या त्या महिला संघाच्या गोलरक्षकांना त्यांनीच शिकवलं. चित्रपट म्हणजे आपलं चरित्र नव्हे, असं नेगींनी स्वतः सांगितलं आहे. पण नट्यांना हॉकी शिकवली ती त्यांनीच, आणि ते पडद्यावर दिसतं. शाहरुख खानच्या कबीर खानला, म्हणजे चित्रपटातल्या मुलींच्या प्रशिक्षकाला, पूर्वी खेळताना एका पेनल्टी स्ट्रोकमुळे जे सोसावं लागतं ते नेगींनी सोसलेलं होतं.

मुलींमध्ये काही जणी खऱ्या हॉकीपटू होत्या. कोमल चौटाला झालेली चित्राशी रावत त्यांतलीच. प्रीती सभरवाल झालेली सागरिका घाटगे आपल्या कोल्हापूरची. चित्रपटातली बिंदिया नाईक महाराष्ट्राकडून खेळते, सगळ्यांत अनुभवी आणि सगळ्यांत दुखावलेली.

अवहेलनेचा नकाशा

तटस्थपणे पाहिलं तरी मला हा चित्रपट मोठा वाटतो, कारण बिनलोकप्रिय खेळाची अवहेलना नेमकी कुठून कुठून होते हे त्याला कळलं आहे. ती फक्त ‘लोक’ करत नाहीत. पहिली अवहेलना संघटनेच्या टेबलावर होते. बाईचं काम पोळपाट-लाटण्यापाशी, असं मानणारे पदाधिकारीच तिथे बसलेले असतात आणि संघ परदेशी पाठवायचा की नाही हे तेच ठरवतात. मुलींना ऑस्ट्रेलियाला जाण्यासाठी पुरुष संघाशी खेळून स्वतःला सिद्ध करावं लागतं, आणि त्या हरूनही सगळ्यांची मनं जिंकतात. दुसरी अवहेलना घरात होते. विद्या शर्माच्या सासरी तिचा खेळ म्हणजे लग्नानंतर सुटायला हवी होती अशी एक सवय. तिसरी प्रेमाच्या माणसाकडून होते. प्रीतीचा होणारा नवरा भारतीय क्रिकेट संघाचा उपकर्णधार आहे, आणि तिचा विश्वचषक त्याला आपल्या वेळापत्रकातली अडचण वाटते. त्याच्या बोलण्यात दुष्टपणा नाही. हॉकी हा तुलनेला घेण्यासारखा खेळच नाही, अशी त्याची मनापासूनची खात्री आहे. आणि चौथी अवहेलना मुली एकमेकींना आपापल्या राज्यावरून, भाषेवरून, चेहऱ्यावरून करतात. झारखंडच्या राणी आणि सोयमोयला, मणिपूरच्या मॉलीला आणि मिझोरामच्या मेरीला जे ऐकावं लागतं ते आपण सगळ्यांनी कुठे ना कुठे ऐकलेलं आहे, काहींनी बोललेलंही असेल.

मात्र चित्रपटानं एक सौदा केला आहे, आणि या प्रकरणाची किल्ली मला त्या सौद्यात दिसते. मुलींना मान मिळतो तो विश्वचषक जिंकल्यावर. कबीर खान आईला घेऊन जुन्या घरी परततो तोही जिंकल्यावर. ज्या भिंतीवर ‘गद्दार’ लिहिलं होतं ती पुसली जाते ती चषकामुळे. संघ उपांत्य फेरीत हरला असता तर काय, याचं उत्तर चित्रपट देत नाही. प्रेक्षकही ते विचारत नाही, कारण त्याच्या डोळ्यांत पाणी असतं. माझ्याही होतं. पण वर्षानुवर्षं हरणाऱ्या खेळाला मान हवा असतो तो हरण्याच्या काळात. जिंकल्यावर मिळणाऱ्या मानासाठी चित्रपटाची गरज नसते, त्याला ढोल-ताशे पुरतात.

म्हणून गाणं क्रिकेटच्या बसवर चढलं यात मला आता नवल वाटत नाही. प्रेक्षकानं ते विजयाचं गाणं म्हणून घरी नेलं होतं. त्या महिन्यात विजय ज्याच्या घरी होता त्याच्या दारात ते वाजलं.

आणि तरीही हे पूर्ण खरं नाही, कारण त्या महिन्यात हॉकीसुद्धा जिंकली होती. ९ सप्टेंबर २००७ रोजी चेन्नईत भारतीय पुरुष संघानं दक्षिण कोरियाला ७-२ असं धुऊन आशिया चषक जिंकला. चित्रपट तेव्हा थिएटरांत जोरात चालू होता. यापेक्षा चांगला योग कुठला असणार? दोन आठवड्यांनी क्रिकेट संघ जोहान्सबर्गला जिंकला आणि बक्षिसांचा पाऊस पडला. क्रिकेट मंडळानं एकट्या युवराज सिंगला सहा षटकारांसाठी एक कोटी रुपये जाहीर केले. राज्य सरकारं आपापल्या क्रिकेटपटूंसाठी पुढे आली. चेन्नईच्या विजेत्यांना विचारणारं कोणी नव्हतं. तेव्हा मुंबईचे जोकिम कार्व्हालो, संघाचे प्रशिक्षक, कर्नाटकातल्या खेळाडूंना घेऊन उपोषणाच्या इशाऱ्यापर्यंत आले. त्यानंतर कर्नाटक सरकारनं हालचाल केली. त्यांच्या मागण्या वाचताना मला लाज वाटली होती, त्या इतक्या माफक होत्या.

पुढचं झपाट्यानं घडलं. ९ मार्च २००८ रोजी चिलीतल्या सांतियागोत भारत ब्रिटनकडून ०-२ असा हरला. १९२८ पासून पहिल्यांदाच भारतीय पुरुष संघ ऑलिंपिकला गेला नाही. कार्व्हालो पायउतार झाले. एप्रिलमध्ये निवडीसाठी पैसे घेण्याचं प्रकरण छुप्या कॅमेऱ्यात सापडलं आणि भारतीय हॉकी महासंघ निलंबित झाला. महिला संघ तर १९८० च्या मॉस्कोनंतर ऑलिंपिकमध्ये नव्हताच. बीजिंगलाही नाही.

आमच्या मैदानावर

चित्रपटाचा काहीच परिणाम झाला नाही असं मी म्हणणार नाही, ते खोटं होईल. त्या दिवाळीनंतर माझ्याकडे मुली आल्या. आधी शाळेचा मुलींचा संघ उभा करायला मला वर्गावर्गांत जाऊन विनवावं लागायचं. त्या वर्षी नावं नोंदवायला रांग लागली. एका मुलीचे वडील स्वतः तिला घेऊन आले, म्हणाले, “सर, हिला काहीतरी खेळू द्या, घरात नुसती उड्या मारतेय.” चित्रपट त्यांनी सहकुटुंब पाहिला होता. ही गोष्ट साधी नाही. बापाच्या मनातली एक कडी निघाली होती.

पण मैदान मुरुमाचं होतं. त्यावर चेंडू टप्पे खात येतो, वाकून नीट थांबवायला शिकणारी मुलगी पहिल्याच आठवड्यात नडगीवर मार खाते. स्टिक शाळेत मोजक्या, त्यातल्या निम्म्या टेपनं गुंडाळलेल्या. गोलरक्षकाचा संच एकच आणि तोही मुलांच्या मापाचा. वर्षाअखेरीस मैदानाचा अर्धा भाग क्रिकेटच्या नेटसाठी गेला, कारण त्या शिबिराची फी पालक आनंदानं भरत होते. व्यवस्थापनाला मी दोष देतो, पण त्यांच्यापुढचा हिशेब मला समजत होता. पुढच्या जूनमध्ये रांगेतल्या बहुतेक मुली परतल्या नाहीत. ज्या राहिल्या त्या चित्रपटाच्या आधीपासून खेळणाऱ्याच होत्या.

टर्फ हा शब्द इथे सोडून चालणार नाही. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून हॉकी कृत्रिम गवतावर गेली आणि त्याच स्पर्धेत भारत सातवा आला. खेळाची गती बदलली, कौशल्याची भाषा बदलली. टर्फ बसवायला कोट्यवधी लागतात, ते भिजवायला रोज पाणी लागतं, आणि काही वर्षांनी ते बदलावं लागतं. युरोपात गावोगावच्या क्लबांत टर्फ आले. आपल्याकडे जिल्ह्याला एक मिळालं तरी नशीब. हॉकी मागे पडली ती लोकांनी प्रेम कमी केल्यामुळे, असं सर्रास म्हटलं जातं. मला ते उलटं वाटतं. खेळायला जमीन उरली नाही, मग खेळणारे कमी झाले, मग जिंकणं थांबलं, आणि शेवटी प्रेम आटलं. चित्रपटानं साखळीतल्या शेवटच्या कडीला हात घातला.

बालेवाडी, जानेवारी २०१०

दिल्लीत २८ फेब्रुवारीपासून पुरुषांचा विश्वचषक होता. त्याच्या तयारीचं शिबिर बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात लागलं होतं. दीडच वर्षापूर्वी, २००८ च्या राष्ट्रकुल युवा स्पर्धेसाठी, या संकुलाचा कायापालट झाला होता. नवी वसतिगृहं, रंगवलेली स्टँड, चकचकीत रस्ते.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात त्या चकचकीत संकुलात भारताच्या संघानं सराव बंद केला. कर्णधार राजपाल सिंग आणि त्याचे सगळे सहकारी एकत्र होते. २००९ मध्ये अझलान शाह चषक जिंकल्यापासूनचे पैसे, भत्ते, प्रोत्साहनपर रकमा थकल्या होत्या. महासंघाच्या जागी आलेल्या हॉकी इंडियानं माणशी २५ हजार रुपये देऊ केले. खेळाडूंनी ते नाकारले. शिबिराचे स्पॅनिश प्रशिक्षक होझे ब्रासा यांच्यासमोर मोकळं टर्फ पडलं होतं आणि विश्वचषक सात आठवड्यांवर आला होता.

मी एका सकाळी बालेवाडीला गेलो होतो. आत सोडलं नाही, फाटकापाशी वार्ताहरांच्या गाड्या होत्या. पाषाणहून आलेली दोन कॉलेजची मुलं खेळाडूंना पाठिंब्याचा कागदी फलक घेऊन उभी होती. फलकावर लिहिलेले शब्द होते ‘चक दे इंडिया’. मला भरून आलं. मुलांची भावना शंभर टक्के खरी होती, आणि आत बसलेल्यांच्या हातात तिचा एक रुपयाही होत नव्हता.

आठवड्याच्या आत तोडगा निघाला. प्रायोजक सहारानं एक कोटी जाहीर केले, आणि खेळाडू मैदानावर परतले. त्याच दिवसांत भोपाळच्या शिबिरातल्या महिला खेळाडूंनीही आवाज उठवला. पुरुषांच्या संघासाठी कोटीचे आकडे चर्चेत आले, आमचं काय, असा त्यांचा प्रश्न होता. ज्या मुलींवर चित्रपट निघाला त्यांची आठवण काढायला त्यांना स्वतःच पुढे यावं लागलं. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त खुपलेली गोष्ट ही.

विश्वचषकाआधी हॉकीला पुन्हा मन द्या, असं सांगणारी जाहिरात टीव्हीवर आली. त्यात वीरेंद्र सेहवाग होता. त्यानं मनापासून काम केलं, त्याचे आभारच. पण हॉकीकडे लोकांना वळवायला क्रिकेटपटूचा चेहरा लागतो, इतकं साधं समीकरण त्या काळात सगळ्यांनी मान्य करून टाकलं होतं. भारतानं पहिल्या सामन्यात पाकिस्तानला ४-१ हरवलं आणि स्टेडियम दणाणलं. शेवटी संघ आठवा आला, आणि दणाणणं थांबलं.

पैशांबद्दल बोललं की काय होतं, हे पुण्याच्या माणसाला हॉकीत नव्यानं शिकावं लागत नाही. धनराज पिल्ले खडकीचा. दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत मोडक्या स्टिकनं खेळून तो चार ऑलिंपिकपर्यंत पोहोचला. १९९८ मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली भारतानं ३२ वर्षांनी आशियाई सुवर्ण जिंकलं, आणि त्यानंतर लगेचच तो आणि काही ज्येष्ठ खेळाडू संघाबाहेर गेले. अधिकृत शब्द होता विश्रांती. मानधनाबद्दल आवाज चढवल्याची ती शिक्षा होती, हे खडकीत अजूनही कोणालाही विचारा.

मग बदललं कशामुळे

बदललं हे खरं आहे. टोकियोत २०२१ मध्ये पुरुषांना कांस्य मिळालं, महिला संघ चौथा आला. २ ऑगस्टला मुलींनी ऑस्ट्रेलियाला १-० हरवलं तेव्हा सगळ्या देशाला कबीर खानच आठवला. पण या संघाच्या मागे २०१८ पासून ओडिशा सरकारचं प्रायोजकत्व होतं. पुरुष आणि महिला, दोन्ही संघांना, वर्षानुवर्षांच्या कराराचं. शाहाबाद मारकंडासारख्या हरियाणातल्या गावात बलदेव सिंग यांच्यासारखे प्रशिक्षक चित्रपटाच्या कितीतरी आधीपासून मुलींना पहाटे मैदानावर उभं करत होते. राणी रामपाल तिथेच घडली. झारखंडच्या खुंटी आणि सिमडेगात हॉकी कधी गेलीच नव्हती, तिथे ती गावच्या जत्रेइतकी जुनी आहे. मुली या ठिकाणांहून आल्या. चित्रपटानं त्यांना ओळखायला आपल्याला शिकवलं, हे त्याचं श्रेय, आणि ते मी देतो.

कबड्डीचं उदाहरण शेजारी ठेवून पाहावं. २०१४ मध्ये लीग सुरू झाली, रोज संध्याकाळी टीव्हीवर दिसू लागली, खेळाडूंचे लिलाव झाले. कुठल्याही मोठ्या चित्रपटाशिवाय गल्लीतल्या पोरांना चढाईपटूंची नावं पाठ झाली. रोज दिसणं आणि नियमित पैसे, एवढंच.

आणि चित्रपटाच्या सौद्याचं काय झालं, तेही टोकियोतच दिसलं. वंदना कटारियानं ३१ जुलैला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल केले. ऑलिंपिक हॉकीत हॅटट्रिक करणारी ती पहिली भारतीय महिला. दोन-तीन महिन्यांपूर्वी वडील गेले होते, आणि शिबिरामुळे ती घरी जाऊ शकली नव्हती. ४ ऑगस्टला भारत उपांत्य फेरीत अर्जेंटिनाकडून १-२ हरला. त्या संध्याकाळी हरिद्वारजवळच्या रोशनाबादला तिच्या घरासमोर फटाके फोडले गेले, नाच झाला, आणि संघात दलित मुली जास्त झाल्या म्हणून हरलो, असं ओरडलं गेलं. तिच्या भावाच्या तक्रारीवरून पोलिसांनी गुन्हा नोंदवला. चौदा वर्षांपूर्वी चित्रपटगृहात एका भिंतीवरचा ‘गद्दार’ हा शब्द बघून हळहळलेला देश हाच. तो प्रसंग पडद्यावर १९८२ च्या जखमेतून आला होता, तो भूतकाळ आहे असं आम्ही समजून बसलो होतो.

(जाता जाता एक. चित्रपटातलं ते ‘सत्तर मिनिटं’वालं भाषण माझ्या मुलींना तोंडपाठ होतं. २०१४ पासून हॉकीत पंधरा-पंधरा मिनिटांची चार सत्रं आली, सामना सत्तरऐवजी साठ मिनिटांचा झाला. नव्या मुली मला विचारतात, सर, ते दहा मिनिटं जास्त का म्हणतात?)

जानेवारी २०२४ मध्ये रांचीत पॅरिस ऑलिंपिकची पात्रता स्पर्धा झाली. भारतीय मुली उपांत्य फेरीत जर्मनीकडून शूटआउटमध्ये आणि मग जपानकडून ०-१ अशा हरल्या, आणि पॅरिस हुकलं. फेब्रुवारीत प्रशिक्षक यानेके शॉपमन पदावरून गेल्या. आपल्याला आणि महिला संघाला पुरुषांइतका मान मिळत नाही, असं त्या जाताना उघड बोलून गेल्या. हे काही पटकथेतलं वाक्य नव्हतं, २००७ सालचंही नव्हतं.

त्याच रांचीत, १९२८ च्या ऑलिंपिक कर्णधाराचं नाव असलेल्या जयपाल सिंग मैदानावर, जानेवारी २०२५ मध्ये महिलांची पहिली हॉकी इंडिया लीग खेळली गेली. पुरुषांची लीग २०१३ लाच आली होती. मुलींची यायला आणखी बारा वर्षं लागली. चार संघ, लिलावात मिळालेला मेहनताना, टीव्हीवर सामने. तेव्हा राष्ट्रीय संघाची कर्णधार सिमडेग्याची सलीमा टेटे होती. चित्रपटात ज्या झारखंडच्या मुलींना सगळे वळून बघत होते, तिथली.

२६ जानेवारीला अंतिम सामना झाला. ओडिशा वॉरियर्सनं सूरमा संघाला २-१ हरवलं. दोन्ही गोल महाराष्ट्राच्या ऋतुजा दादासो पिसाळनं केले, दुसरा तर सामना संपायला थोडाच वेळ उरलेला असताना. मी घरी एकटाच बघत होतो. दुसऱ्या गोलानंतर आमच्या जुन्या संघातल्या एका मुलीचा फोन आला. ती आता चिखलीत राहते, तिला एक मुलगी आहे, सहा वर्षांची. तिनं विचारलं, “सर, नेहरूनगरच्या ध्यानचंद मैदानावर लहान मुलींची बॅच कितीला असते?”